एनडीपीएसच्या गुन्ह्यात घरचा माणूस अडकला तर : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

गांजा, एमडी, गर्दा, झोपेच्या गोळ्या अशा प्रकरणांत १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागतो. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. या खटल्यांचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत तयार झालेल्या कागदांवर लागतो. म्हणून खाली वजन, वेळ, सही आणि सील यांवर जरा जास्तच बोललो आहोत. तुमच्या प्रकरणातले कागद वकिलाने वाचायलाच हवेत, ते काम या पानाने होणार नाही.

रात्री फोन आला, ‘तुमच्या मुलाला उचललंय.’ आधी काय करायचं?

कोणी उचललं ते आधी विचारा. शहर पोलिसांचं ठाणं, गुन्हे शाखेचं अमली पदार्थविरोधी पथक, स्टेशनवरचे लोहमार्ग पोलीस, एनसीबी (केंद्राची अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणा) की डीआरआय (केंद्राचं महसूल गुप्तचर संचालनालय)? ताब्यात घेणारे आणि गुन्हा नोंदवणारे वेगळे असू शकतात. रेल्वे सुरक्षा दलाने पकडलेला माणूस पुढे लोहमार्ग पोलिसांकडे दिला जातो आणि घरचे चुकीच्या दारात रात्र काढतात.

मग एक कागद घ्या आणि वेळा लिहा. शेवटचा फोन किती वाजता झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचं कधी दिसला, घरातून किती वाजता निघाला, सोबत कोण होतं. पंचनाम्यात ‘सायंकाळी सात वाजता सापळा रचला’ लिहिलेलं असेल आणि मुलगा दुपारी तीनपासूनच ठाण्यात बसलेला असेल, तर ही वही पुढे सोन्याची ठरते. घराजवळच्या, दुकानातल्या, पार्किंगमधल्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्याच आठवड्यात मागा. साठवण भरली की जुनं पुसलं जातं. पोलीस ठाण्यातलं चित्रण किमान वर्षभर ठेवावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. ते जपून ठेवण्याचा अर्ज वकिलाने कोर्टात लेखी द्यावा, तोंडी विनंतीला किंमत नाही.

आरोपीच्या किंवा स्वतःच्या मोबाइलमधलं काहीही पुसू नका. पुसलेलं बहुतेक वेळा परत निघतं आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येतो.

गुन्हा किती गंभीर आहे, हे कशावरून ठरतं?

पदार्थ कोणता आणि वजन किती, यावर. कायद्याने प्रत्येक पदार्थाचे तीन टप्पे केले आहेत : अल्प, मधलं आणि व्यावसायिक.

गांजा : १ किलो आणि २० किलो.
चरस : १०० ग्रॅम आणि १ किलो.
हेरॉइन म्हणजे गर्दा किंवा ब्राउन शुगर : ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम.
एमडी म्हणजे मेफेड्रोन : २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम.
कोकेन : २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम.

पहिल्या आकड्यापेक्षा कमी ते अल्प, दुसऱ्यापेक्षा जास्त ते व्यावसायिक, बाकी सगळं मधलं. शब्द नीट वाचा, ‘पेक्षा’. बरोबर २० किलो गांजा मधल्या टप्प्यात बसतो, २० किलो १० ग्रॅम मात्र व्यावसायिक होतो.

अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिकला किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि एक ते दोन लाख दंड. इथे ‘किमान’ म्हणजे खरोखर किमान. दोष सिद्ध झाला की दहाच्या खाली उतरायला न्यायाधीशांना मोकळीक नसते.

पोलिसांनी जास्त वजन लिहिलं असं वाटतं. त्याने काही होतं का?

गांजाच्या केसमध्ये खूप होतं. ओडिशा-आंध्रकडून रेल्वेने किंवा रस्त्याने येणारा गांजा दाबून चौकोनी पाकिटं करून, वर पॉलिथिन आणि खाकी टेपचे थर गुंडाळून आणतात. समजा दहा पाकिटं सापडली आणि पंचनाम्यात ‘एकूण वजन २० किलो ६०० ग्रॅम’ लिहिलं. प्रत्येक पाकिटाचं वेष्टन ८० ग्रॅमचं असेल तर निव्वळ माल १९ किलो ८०० ग्रॅम उरतो. म्हणजे किमान दहा वर्षांच्या केसची दहा वर्षांपर्यंतची केस होते, आणि जामिनाचं गणितच बदलतं. म्हणून पंचनाम्यात ‘वेष्टनासह’ लिहिलंय की ‘निव्वळ’, हे शोधा. काटा कुठला, तो कोणी आणला, त्याचं प्रमाणपत्र आहे का, हेही पाहा.

दुसरी गोष्ट : कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुला-फळांचा शेंडा. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पोलिसांनी मुळासकट झाडं उपटून, काड्या-पानांसह वजन केलं असेल, तर नेमक्या गांजाचं वजन किती हा प्रश्न बचावाने सोडू नये.

एमडी आणि गर्द्यात मात्र हा मार्ग बंद आहे. भेसळीची पावडर मिसळलेली असली तरी पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने हीरासिंग खटल्यात २०२० मध्ये ठरवलं. ‘शुद्ध एमडी तर फक्त सहा ग्रॅम होती’ हा युक्तिवाद आता चालत नाही, तरी अजूनही कोणीतरी तो करतोच.

पहिल्यांदा कोर्टात उभं करतात तेव्हा काय होतं?

अटकेपासून, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर किंवा विशेष न्यायालयासमोर उभं करावं लागतं. रविवार असो की दिवाळी, रिमांडसाठी कोर्ट असतंच. पोलीस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मागतात. ती संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि आरोपी वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपर्यंत मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, हे दिवस सलग असायला हवेत असं राहिलेलं नाही. आज एमसीआर झाला म्हणून पोलीस परत नेणार नाहीत, असं धरून चालू नका.

या पहिल्या तारखेला वकिलाने तीन गोष्टी पाहायच्या. अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं की लगेच देणं जमलं नाही तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती हातात पडली पाहिजेत. मारहाण झाली असेल तर ते तिथेच न्यायाधीशांना सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. ‘नंतर सांगू’ म्हणून थांबलेल्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि अटकेची खरी वेळ रेकॉर्डवर घ्यायला सांगायची.

पोलिसांनी जबाब लिहून घेतला, त्याने सगळं कबूल केलंय. केस संपली?

नाही. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. एनसीबी किंवा डीआरआयचे अधिकारी कलम ६७ खाली जबाब घेत, तो पूर्वी आरोपीविरुद्ध वापरला जाई. तोफानसिंग खटल्यात २९ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तोही दरवाजा बंद केला. मात्र आरोपीने सांगितल्यावरून नवीन माल किंवा वस्तू सापडली, तर तेवढा भाग वापरता येतो. कोऱ्या कागदावर सही मागितली तर द्यायची नाही. द्यावी लागली असेल तर पुढच्याच तारखेला लेखी अर्ज करून कोर्टाला कळवायचं.

झडती चुकीची घेतली तर केस पडते का?

कधी पडते, कधी फक्त हलते. कोणतं कलम मोडलं यावर आहे.

कलम ५० अंगझडतीचं. आरोपीला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुमचा हक्क आहे. ‘तुम्हाला हवं तर’ असं मोघम बोलून चालत नाही, तो हक्क आहे हे सांगावं लागतं. विजयसिंह जडेजा खटल्यात घटनापीठाने २०१० मध्ये हे पक्कं केलं. तिघांना मिळून एकच नोटीस देणं किंवा ‘आमच्याच पथकातल्या साहेबांसमोर देता का’ असा तिसरा पर्याय देणं, हेही चुकीचं ठरलेलं आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची.

पण हे कलम अंगावरच्या झडतीपुरतं. पिशवी, बॅग, डिक्की, सीटखालची पोती यांना ते लागत नाही. नागपूर स्टेशनवरच्या बहुतेक केसेस बॅगेच्या असतात. तिथे कलम ५० वर वेळ घालवणारा वकील दिसला, तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या.

कलम ४२ घर, खोली, गोदाम, खासगी गाडी यांचं. खबर मिळाली की ती लिहून घ्यायची आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं तर कारणं लिहायची. ही खबर स्टेशन डायरीत किती वाजता आणि कोणाच्या हातची आहे, ते बघा. अजिबात लिहिलीच नसेल तर बचाव मजबूत होतो. उशिरा लिहिली आणि उशिराचं कारण पटण्याजोगं असेल तर कोर्ट चालवून घेतं. प्लॅटफॉर्म, बसस्थानक, रेल्वेचा डबा अशा सार्वजनिक जागांना कलम ४३ लागतं आणि तिथे इतकं बंधन नाही.

आता जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. दोषारोपपत्रासोबत त्या व्हिडिओची प्रत मागून घ्या आणि घड्याळ समोर ठेवून पाहा. पंचनाम्यात ‘दोन पंचांसमक्ष’ आणि व्हिडिओत एकच पंच, असं दिसलं तर उलटतपासणीचा अर्धा मसुदा तयार झाला.

डब्यात बॅग माझ्या सीटखाली होती, पण माझी नव्हती. कोण ऐकणार?

‘ताबा’ म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. माल जवळ मिळाला की कलम ३५ आणि ५४ आरोपीविरुद्ध गृहीतक धरतात आणि ते खोडण्याचं ओझं आरोपीवर येतं. पण आधी सरकारी पक्षाने ताब्याचे मूळ मुद्दे सिद्ध करायचे असतात. म्हणून तिकीट आणि सीट क्रमांक जपा. बॅगेला टॅग, कुलूप, किल्ली होती का? किल्ली कोणाकडून जप्त झाली? बॅगेत कोणाचे कपडे, कोणाचं बिल, कोणाचं औषध होतं? जनरल डब्यात चाळीस माणसांत ही बॅग याचीच, हे पंचाला कसं कळलं? एका चुकीच्या उत्तरानेही फट पडते.

माल जप्त झाल्यावर पुढे तो कुठे जातो?

इथे सर्वांत जास्त घोळ होतात. मोहनलाल खटल्यानंतर (२०१६) आणि २३ डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढायचे असतात : यादी, छायाचित्रं, नमुने, तिन्हींवर त्यांचं प्रमाणपत्र. गांजा, चरस आणि अफूचा नमुना २४ ग्रॅमचा, बाकी बहुतेक पदार्थांचा ५ ग्रॅमचा, प्रत्येकी दोन. मग नमुना नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि तिथून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, येतो.

वकिलाने एका कागदावर साखळी मांडावी : जप्तीची वेळ, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद, सीलवरचं अक्षर, लाखेचं सील नंतर कोणाच्या ताब्यात राहिलं, दंडाधिकाऱ्यांसमोरची तारीख, माल नेणारा शिपाई, प्रयोगशाळेची पोच, पोहोचला तेव्हा सीलची अवस्था. पंचनाम्यात ‘हिरवट, ओलसर’ आणि रिपोर्टमध्ये ‘तपकिरी, कोरडा’ असेल, तर वाळला असं उत्तर मिळेल. वजनात मात्र एवढी घट का, हे उत्तर सोपं नसतं. जप्तीचा पूर्ण अहवाल ४८ तासांत वरिष्ठाकडे जायला हवा, कलम ५७.

एक सावधगिरी. दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढण्याचं कलम ५२अ. ‘५२अ पाळलं नाही म्हणून सोडा’ एवढंच ओरडून आता भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४-२५ मध्ये सांगितलंय की नुसता उशीर किंवा त्रुटी पुरेशी नाही. तिच्यामुळे मालाच्या ओळखीवर खरी शंका येते हे दाखवावं लागेल.

जामीन मिळतो का?

अल्प आणि मधल्या प्रमाणात नेहमीच्या निकषांवर मिळू शकतो. अल्प प्रमाण आहे म्हणून ठाण्यातच सोडतील, असं मात्र समजू नका. या कायद्यातले सगळे गुन्हे अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे.

व्यावसायिक प्रमाण, किंवा कलम २७अ म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणं, असेल तर कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलाला विरोधाची संधी द्यायची, आणि आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे व बाहेर आल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी दोन्हींची कोर्टाची खात्री व्हावी लागते. जामिनाच्या टप्प्यावर हे अवघड आहे. मग वाट कुठली? वजन मधल्या टप्प्यात उतरवणं, ताबाच नसल्याचं दाखवणं, सहआरोपीच्या जबाबापलीकडे काहीच नसणं, आणि खटला अतोनात रेंगाळणं. मोहम्मद मुस्लिम खटल्यात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने लांबलेल्या खटल्यावर कलम ३७ असूनही जामीन दिला. विशेष न्यायालयाने नाकारल्यावर पुढचा अर्ज सिव्हिल लाइन्सला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातो.

‘डिफॉल्ट बेल’ म्हणजे काय? दिवस कसे मोजायचे?

तपास मुदतीत संपला नाही की जामीन हा हक्क होतो. व्यावसायिक प्रमाणात मुदत १८० दिवसांची. सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि थांबवून ठेवण्याची ठोस कारणं लिहून अहवाल दिला तर ती एक वर्षापर्यंत वाढते, आणि वाढ देताना आरोपी कोर्टासमोर हजर असायला हवा. मधल्या प्रमाणात शिक्षा ‘दहा वर्षांपर्यंत’ आहे, ‘किमान दहा’ नाही, म्हणून मुदत ६० दिवसांची. हा फरक भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. रिमांड ३ मार्चला झाला तर ६० वा दिवस १ मे, आणि अर्ज २ मेला सकाळी. १८० वा दिवस २९ ऑगस्ट, अर्ज ३० ऑगस्टला. अर्ज आधी नोंदवलेला हवा. दोषारोपपत्र त्याच दुपारी आलं तरी हक्क राहतो, पण अर्जाआधी आलं तर गेला. सीए रिपोर्टशिवाय दोषारोपपत्र दिलं म्हणून ते अपूर्ण धरून जामीन द्या, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयात टिकलेली नाही.

माल दुसऱ्याकडे सापडला, याचं फक्त नाव घेतलंय. तरी अटक?

होते, कलम २९ म्हणजे कट आणि सहाय्य. बहुतेकदा आधार असतो सहआरोपीचा जबाब, कॉल रेकॉर्ड आणि ऑनलाइन पैशांचे व्यवहार. नुसते फोन झाले हे पुरेसं नाही. पैसे कशाचे होते याचा कागद असेल तर लगेच वकिलाकडे द्या : उसने दिल्याचा मेसेज, भाड्याची पावती, गाडीचा हप्ता. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने अमली पदार्थांच्या व्यापाराला मकोकाच्या, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, कक्षेत आणणारी सुधारणाही मंजूर केली. त्यामुळे ‘टोळी’ हा शब्द कागदात आला की वकिलाने लगेच सावध व्हावं.

तो विकत नाही, फक्त घेतो. काही सवलत?

सेवनासाठी कलम २७ आहे : पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड. व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयारी दाखवली, तर कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. फक्त अल्प प्रमाण किंवा सेवनाच्या आरोपात, आणि उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. नुसतं ‘व्यसनी आहे’ म्हणून भागत नाही. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय इथले जुने केसपेपर शोधा. अटकेनंतर काढलेल्या चिठ्ठीपेक्षा आधीची चिठ्ठी दहापट बोलते. व्यसनमुक्तीसाठी हेल्पलाइन १४४४६.

आरोपी १८ वर्षांखालील असेल तर तो बाल न्याय मंडळासमोर जातो. शाळेचा दाखला पहिल्याच दिवशी द्या.

आमची गाडी त्याने नेली होती. ती सुटेल का?

मालकाला माहीत नव्हतं आणि त्याने पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवता आलं तर गाडी जप्तीतून वाचू शकते, कलम ६०. खटला चालू असताना सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, गाडी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. आरसी, विमा, हप्त्याचे कागद आणि गाडी कोणाला, कशासाठी दिली त्याचा पुरावा लावून अर्ज करा. ठाण्याच्या आवारात एक पावसाळा उभी राहिलेली गाडी परत मिळूनही कामाची राहत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. कारागृहातूनही अर्ज जातो. खासगी वकील लावत असाल तर वकीलपत्रावर आरोपीची सही तुरुंगाधिकाऱ्याच्या शिक्क्यासह लागते. त्यात दोन-तीन दिवस जातात, म्हणून पीसीआर चालू असतानाच, कोर्टात आणतील तेव्हा, सही घेऊन ठेवा. जामीन मंजूर होऊन जामीनदार मिळत नसेल तर रोख जामिनाचा अर्ज करा. जामीनदाराचे कागद म्हणजे सातबारा किंवा घरटॅक्सची पावती, आधार आणि मागितलं तर तहसीलचं सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचं प्रमाणपत्र.

कोर्टाच्या आवारात ‘साहेबांशी बोलतो, कलम खाली आणतो’ म्हणणारे भेटतात. पैसे जातात, कलम तिथेच राहतं. आणि तो माणूस लाचलुचपतच्या सापळ्यात सापडला तर तुम्हीही त्यात असता.

गुन्हा कबूल करून लवकर सुटता येईल?

अल्प प्रमाणात कधीकधी, कोठडीत काढलेले दिवस शिक्षेत धरून. पण दोषसिद्धीची नोंद राहते आणि पुन्हा सापडला तर कलम ३१ खाली शिक्षा दीडपटीपर्यंत जाते. मधल्या आणि व्यावसायिक प्रमाणात तडजोडीची शिक्षा ठरवण्याची सोयच नाही, कारण ती सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांनाच आहे. शिक्षा झालीच तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची. निकालाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा.

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये एमडी सापडलीय, व्हिडिओ कॉल चालू ठेवा’ असा फोन आला. हाही गुन्हा लागला का?

नाही, ही फसवणूक आहे. कोणतंही पोलीस दल व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, जबाब घेत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ खात्यात पैसे मागत नाही. फोन कापा. पैसे गेले असतील तर लगेच, त्याच तासात, १९३० वर कळवा आणि बँकेला व्यवहाराचा क्रमांक द्या.